टोपी घालवेना, वेणी घालवेना : एका म्हातारपणच्या आजाराची गोष्ट

लंडनमधले एक आजोबा. वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावर केस जवळजवळ नाहीतच. आयुष्यभर एका बड्या घरात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांची तक्रार एवढीच होती की टोपी घालता येत नाही, डोकं दुखतं. डोक्यावर दोन्ही बाजूंना लालसर रेघा उमटल्या होत्या आणि टोपीची कड नेमकी त्यांच्यावर टेकत होती. जोनाथन हचिन्सन या सर्जनने बोटांनी चाचपून पाहिलं, तर त्या रेघा म्हणजे कानशिलावरून वर जाणाऱ्या धमन्या निघाल्या. सुजलेल्या होत्या आणि हात लावला की दुखत होत्या. सुरुवातीला त्यांत नाडीचे मंद ठोके लागत होते, पुढे तेही थांबले आणि धमन्यांच्या नुसत्या कडक दोऱ्या उरल्या. 1890 साली हचिन्सनने ही हकिकत छापली. ज्या 'अर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी'मध्ये छापली, ते नियतकालिक तो जवळजवळ एकहाती लिहायचा.

आज आपण या आजाराला जायंट सेल आर्टरायटिस म्हणतो. जुनं नाव टेम्पोरल आर्टरायटिस, म्हणजे कानशिलाच्या धमनीचा दाह. नाव ऐकलं नसेल तर त्यात नवल नाही, आपल्याकडे तो फारसा दिसत नाही. पण वेळेत ओळखला नाही तर माणसाची दृष्टी जाऊ शकते, आणि एकदा गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. म्हणून हा लेख.

माझी पीएचडी वैद्यकाच्या इतिहासात आहे. लोक विचारतात तेव्हा मी विषय असा सांगते : 'वय झालं की असं व्हायचंच' म्हणून सोडून दिलेल्या तक्रारींमधून स्वतंत्र आजार कसे वेगळे काढले गेले. सगळ्या प्रकरणांत हेच प्रकरण मी पहिलं का निवडलं, त्याला घरचं कारण आहे.

मावशीआजीची दाढ

माझ्या आजीची धाकटी बहीण सोलापूर जिल्ह्यात राहायची. शहात्तर वर्षांची, पण शेतावर रोज एक चक्कर ठरलेली. एका हिवाळ्यात ती डोक्याला तेल लावू देईना. फणी लागली तरी कळवळायची. सकाळी उठलं की खांदे इतके आखडलेले असायचे की पदर डोक्यावर घ्यायला हात वर जात नसे, दुपारपर्यंत जरा सैल व्हायचे. मग भाकरी खाताना मध्येच थांबायला लागली. चार घास चावले की जबडा भरून यायचा, थोडं थांबलं की बरं वाटायचं. घरच्यांना वाटलं दाढ दुखतेय. दाताच्या डॉक्टरांनी दाढ काढली. फरक पडला नाही. ती दूध-भातावर आली, बारीक झाली. सगळे म्हणाले, आता वय झालं.

मग एके दिवशी उजव्या डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं झालं. थोड्या वेळाने तो गेला, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. चार दिवसांनी सकाळी उठली तर त्या डोळ्याने काहीच दिसेना. शहरातल्या डॉक्टरांनी लगेच स्टिरॉइड सुरू केली म्हणून डावा डोळा वाचला. उजवा गेला तो गेलाच.

डोकं, खांदे, जबडा, भूक, डोळा. पाच वेगळ्या तक्रारी, आणि प्रत्येकीला घरात वेगळं कारण तयार होतं. पुढे जुनी मेडिकल जर्नल्स वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की आमच्या घरात तीन महिन्यांत जे झालं, तेच वैद्यकशास्त्रात सत्तर वर्षं चाललं होतं.

आधी आजार काय आहे ते समजून घेऊ

आपल्या मध्यम आणि मोठ्या धमन्यांच्या भिंतीला तीन थर असतात. या आजारात बाहेरच्या थरातल्या पहारेकरी पेशी काही कारणाने जाग्या होतात आणि रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या टी-पेशींना बोलावतात. या टी-पेशी धमनीच्या आतल्या मुख्य प्रवाहातून भिंतीत शिरत नाहीत. भिंतीलाच रक्त पुरवणाऱ्या ज्या अगदी बारीक वाहिन्या असतात, त्यांतून त्या बाहेरच्या बाजूने येतात. त्यांच्या मागोमाग मॅक्रोफेज नावाच्या पेशी येतात. त्यांतल्या काही एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकं असलेल्या अवाढव्य पेशी बनतात. याच त्या जायंट सेल. सगळ्या पेशंटच्या तुकड्यात त्या सापडतीलच असं मात्र नाही.

या गोंधळाला उत्तर म्हणून धमनीचा आतला थर जाड होत जातो आणि मधली वाट अरुंद होते. जबड्याच्या स्नायूंना चावताना जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही म्हणून जबडा भरून येतो. विश्रांती दिली की मागणी कमी होते आणि दुखणं थांबतं. दात दुखत असेल तर ते असं थांबून-थांबून दुखत नाही. डोळ्यामागे ऑप्टिक नर्व्ह म्हणजे दृष्टीची नस जिथे सुरू होते, तिथे रक्त नेणाऱ्या धमन्या बारीक असतात. त्या बंद पडल्या की नस थोड्याच वेळात मरते. नेमकं इथेच मोतीबिंदूशी घोटाळा होतो. मोतीबिंदूत नजर हळूहळू धुसर होते आणि ऑपरेशनने परत येते. इथे ती अचानक जाते.

पन्नाशीच्या आत हा आजार जवळजवळ होत नाही. सर्वांत जास्त पेशंट सत्तर ते ऐंशीच्या दरम्यानचे, आणि पुरुषांपेक्षा बायका दुप्पट-तिप्पट.

जुन्या खुणा, आणि एक सावधगिरी

या आजाराचा इतिहास सांगताना बहुतेक जण बगदादपासून सुरुवात करतात. दहाव्या-अकराव्या शतकातला नेत्रवैद्य अली इब्न ईसा याने डोळ्यांच्या वैद्यांसाठी एक ग्रंथ लिहिला. त्यात कानशिलाची धमनी कापण्याचा किंवा डागण्याचा उपचार सांगितलाय. अर्धशिशीबरोबरच, कानशिलाच्या स्नायूंत उष्णता आणि दाह असतो अशा विकारांसाठीही तो उपचार आहे, आणि असे विकार वाढत जाऊन दृष्टी जाऊ शकते असंही तो म्हणतो. डोकेदुखी, कानशील आणि अंधत्व हे तिन्ही एका जागी.

दुसरी खूण एका चित्रात आहे. यान व्हान आइकने 1436 मध्ये एक मोठं धार्मिक चित्र पूर्ण केलं, ते आज बेल्जियममध्ये ब्रुजच्या संग्रहालयात आहे. मरियम आणि बाळ येशू यांच्यासमोर गुडघे टेकून बसलेला एक वयस्कर धर्मगुरू त्यात आहे, योरिस व्हान डर पाले. हातात चष्मा. कानशिलावर ठसठशीत दिसणाऱ्या रक्तवाहिन्या. यान डेकेकर या बेल्जियन संधिवाततज्ज्ञाने 1981 मध्ये लेख लिहून सुचवलं की या माणसाला हाच आजार असावा. चर्चच्या नोंदींप्रमाणे प्रकृतीमुळे त्याला सकाळच्या प्रार्थनेतून सवलत मिळाली होती, आणि सकाळचा ताठरपणा हे तर या आजाराच्या जोडीने येणाऱ्या दुखण्याचं मुख्य लक्षण.

मला ही गोष्ट आवडते. पण इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून इथे थांबावं लागतं. ठळक धमनी पुष्कळ निरोगी म्हाताऱ्यांच्या कानशिलावर दिसते, आणि थंडीच्या दिवसांत पहाटे उठायला न जमण्याची कारणं अनेक असतात. चित्रावरून निदान करणं म्हणजे आजचं ज्ञान मागे नेऊन चिकटवणं. या खुणांवरून फार तर इतकं म्हणता येतं की असे चेहरे, अशी दुखणी लोकांच्या डोळ्यांसमोर होती. त्यांना एका धाग्यात ओवायला कोणी नव्हतं.

तुकडे, पण सुटे

आता परत एकोणिसाव्या शतकात येऊ. हचिन्सनच्या दोन वर्षं आधी, 1888 मध्ये, विल्यम ब्रूस या डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पाच पेशंटांचं वर्णन छापलं. ब्रूस स्कॉटलंडच्या उत्तरेला स्ट्रॅथपेफर इथे असायचा. तिथल्या झऱ्याचं औषधी पाणी घ्यायला लांबून लोक यायचे. त्याचे हे पेशंट साठीच्या पुढचे होते आणि त्यांचे स्नायू असे आखडले होते की हालचालसुद्धा नकोशी. ब्रूसने आजाराला नाव दिलं ते साधारण 'म्हातारपणचा संधिवाती गाऊट' असं. हचिन्सननेही आपल्या लेखाच्या शीर्षकात 'वृद्धांमधला' धमनीदाह असंच म्हटलं.

दोन्ही नावांत वय आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. दोघांनी फार बारकाईने पाहिलं होतं. पण वय नावातच बसलं की आणखी शोधायचं काही उरलं नाही असं वाटू लागतं. एकाने खांदे पाहिले, दुसऱ्याने डोकं. दोन्ही लेख एकाच देशात दोन वर्षांच्या अंतराने छापले गेले, आणि ते शेजारी-शेजारी ठेवायला पुढची कित्येक दशकं गेली.

हचिन्सनचा लेख तर इतका विसरला गेला की 1932 मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या बेयार्ड हॉर्टन, मॅगथ आणि ब्राउन यांनी याच आजारावर लिहिताना शीर्षकातच तो 'आजवर वर्णन न झालेला' असल्याचं म्हटलं. त्यांचे पेशंट दोन : 55 वर्षांची एक बाई आणि 68 वर्षांचा एक पुरुष. ताप, अशक्तपणा, भूक नाही, वजन उतरलेलं, रक्त कमी, आणि डोक्याची कातडी हात लावू न देण्याइतकी हुळहुळी. आधी छापलेलं असलं तरी त्यांच्या कामात एक गोष्ट खरोखर नवी होती. त्यांनी कानशिलाच्या धमनीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हचिन्सनकडे फक्त बोटं होती, यांच्याकडे बायोप्सी आली. म्हणून कित्येक वर्षं याला हॉर्टनचा आजार म्हणत, काही देशांत अजूनही म्हणतात.

पण हॉर्टनच्या सुरुवातीच्या लेखनाने एक गैरसमजही पसरला. हा आजार त्रासदायक असला तरी काही महिन्यांनी आपोआप शमतो, अशी समजूत झाली. सहा वर्षांनी, 1938 मध्ये, जेनिंग्ज या इंग्लिश डॉक्टरने लॅन्सेटमध्ये लिहिलं की या पेशंटांची दृष्टी जाते. तिथून आजाराकडे बघायची नजर बदलली. 1941 मध्ये गिल्मोर या पॅथॉलॉजिस्टने दाखवून दिलं की दाह कानशिलापुरता नसतो, महाधमनीपर्यंतही सापडतो, आणि जायंट सेल हे नाव त्याच्या लेखातून रुळलं. 1946 मध्ये कुक आणि सहकाऱ्यांनी तर लेखाच्या नावातच म्हटलं की हा सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे.

औषध आलं, आणि घाई समजली

सप्टेंबर 1948 मध्ये त्याच मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या एका पेशंटला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं. दोनच वर्षांत हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. 1950 मध्येच मेयोच्या डॉक्टरांनी या धमनीदाहावरही कॉर्टिसोन वापरून पाहिलं. डोकेदुखी आणि ताप फार झपाट्याने उतरले. पण खरा प्रश्न डोळ्यांचा होता. त्याचं उत्तर 1957 मध्ये बर्कहेड, वॅगनर आणि शिक यांनी बायोप्सीने सिद्ध झालेल्या 55 पेशंटांच्या आधारे दिलं : औषध नजर जायच्या आधी सुरू केलं तर ती बहुधा वाचते, गेल्यावर सुरू केलं तर सहसा परत येत नाही.

या एका निष्कर्षाने आजाराचं स्वरूप बदलून गेलं. तोवर 'वय झालं' म्हणणं ही फार तर अनास्था होती. आता उपाय हाताशी होता, त्यामुळे तेच वाक्य एखाद्याच्या डोळ्यावर बेतू शकत होतं.

खांदे अजून वेगळेच होते. 1957 मध्ये बार्बर यांनी ब्रूसच्या त्या जुन्या दुखण्याला पॉलीमायल्जिया र्‍हुमॅटिका हे आजचं नाव दिलं. 1960 मध्ये इंग्लंडमधल्या इप्सविचचे पॉली आणि ह्यूज यांनी आग्रहाने मांडलं की खांदे-कंबर आखडणं आणि कानशिलाचा धमनीदाह ही एकाच गोष्टीची दोन रूपं असू शकतात. आज आपल्याला माहीत आहे की धमनीदाहाच्या साधारण निम्म्या पेशंटांना पॉलीमायल्जिया असतो. 1888 आणि 1890 चे ते दोन लेख अखेर सत्तर वर्षांनी शेजारी आले.

पंजाबातून आयोवाला

डोळा नेमका का जातो, याचा उलगडा करण्यात एका भारतीय वंशाच्या डॉक्टरचा मोठा वाटा आहे. सोहनसिंग हेरेह मूळचे पंजाबचे. 1961 मध्ये ते इंग्लंडला गेले आणि पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात स्थिरावले. डोळ्यामागच्या त्या बारीक धमन्यांवर त्यांनी आयुष्य घालवलं आणि दृष्टीच्या नसेच्या टोकाला मुख्य रक्तपुरवठा त्यांच्यातूनच होतो हे दाखवून दिलं.

त्यांचे दोन अभ्यास मला फार मोलाचे वाटतात. 1997 मध्ये त्यांनी 363 पेशंटांची माहिती तपासली. कुठलं लक्षण या आजाराकडे सर्वांत जोरात बोट दाखवतं, हा प्रश्न होता. डोकेदुखी तर सगळ्यांनाच कशानेही होते. वरचढ ठरलं ते चावताना जबडा भरून येणं. पुढच्या वर्षी त्यांनी दाखवलं की डोळ्यांवर परिणाम झालेल्यांपैकी सुमारे 21 टक्के पेशंटांना डोकेदुखी, ताप, जबडा असं काहीच झालेलं नव्हतं, पहिली तक्रार थेट डोळ्याची. म्हणजे लक्षणं ऐकून घेणं आवश्यक, पण दर वेळी तेवढं पुरत नाही. म्हणून ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या साध्या, स्वस्त तपासण्यांना इतकं महत्त्व.

मावशीआजीच्या दाढेची गोष्ट वाचनालयात बसून हेरेह यांचा लेख वाचताना मला नव्याने कळली. राग आला, पण कोणावर काढायचा? त्या दाताच्या डॉक्टरांनी असा पेशंट बहुधा आयुष्यात पाहिला नसेल.

आपल्याकडे का दिसत नाही?

हा आजार सर्वांत जास्त आढळतो तो स्कँडिनेव्हियात, आणि अमेरिकेत मिनेसोटासारख्या जिथे स्कँडिनेव्हियन वंशाचे लोक खूप आहेत अशा भागांत. आशियात तो बराच कमी. यात आनुवंशिकतेचा हात आहे, पण आपल्याकडे पुरेसा शोधला जात नाही हेही एक कारण असावं. भारतातल्या डॉक्टरांना मोठ्या धमन्यांचा दाह म्हटलं की आधी आठवतो ताकायासू आर्टरायटिस, 1908 मध्ये जपानी नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी ज्याची पहिली नोंद केली तो. तो बहुतेक तरुण बायकांना होतो आणि आपल्याकडे त्याचे पेशंट नियमित दिसतात. दोन्ही आजारांत सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र बरंचसं सारखं असतं, पण पेशंटांची वयं दोन टोकांना. आता आपल्याकडे सत्तरी-ऐंशी गाठणारे खूप वाढलेत. आजार दुर्मीळ राहिला तरी आकडा वाढणारच.

निदानही पूर्वीपेक्षा सोपं झालंय. बायोप्सीची एक अडचण 1976 मध्ये मेयोच्या डॉक्टरांनी दाखवली होती : दाह सलग नसतो, मध्ये-मध्ये चांगली जागा असते, त्यामुळे तुकडा नेमका चांगल्या जागेचा आला तर रिपोर्ट नॉर्मल येतो. 1997 मध्ये जर्मनीच्या श्मिट यांनी सोनोग्राफीत धमनीभोवती काळसर कडं दिसतं हे दाखवलं, आणि न कापता बघायची सोय झाली. त्या जोरावर इंग्लंडमध्ये साउथएंडसारख्या ठिकाणी शंका येताच तातडीने तपासणारी केंद्रं निघाली आणि कायमचं अंधत्व येणाऱ्यांचं प्रमाण तिथे लक्षणीय घटलं. औषध तेच जुनं होतं, फक्त आधी मिळू लागलं.

नवीन औषधही आलं. स्टिरॉइड महिनोन्‌महिने घ्यावी लागतात आणि म्हाताऱ्या हाडांना, साखरेला ती बाधतात. 2017 मध्ये 251 पेशंटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दर आठवड्याला टोसिलिझुमॅबचं इंजेक्शन आणि 26 आठवडे कमी-कमी होत जाणारं स्टिरॉइड घेणाऱ्यांपैकी 56 टक्के लोकांचा आजार वर्षभराने शांत होता. तेवढंच स्टिरॉइड पण खऱ्या इंजेक्शनऐवजी नुसतं दिखाऊ इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण 14 टक्के होतं. म्हणजे स्टिरॉइडवर कमी काळ राहूनही भागू शकतं.

मग वयाचं काय करायचं?

प्रबंधात मी जे मांडतेय ते थोडक्यात असं. ब्रूस आणि हचिन्सन यांच्यासाठी वय हे स्पष्टीकरण होतं. 1990 मध्ये अमेरिकन संधिवाततज्ज्ञांनी या आजाराचे जे निकष ठरवले, त्यांतही पहिला निकष वयाचाच आहे : पन्नास किंवा जास्त. वय तेच, पण काम उलटं. आता ते 'असायचंच' असं म्हणत नाही, 'इथे नीट बघा' असं म्हणतं. शंभर वर्षांत झालेला सगळ्यांत मोठा बदल मला हा वाटतो.

तर घरात कोणी पन्नाशीच्या पुढचं असेल आणि नव्यानेच डोकं दुखायला लागलं असेल, फणी किंवा उशी डोक्याला सहन होत नसेल, चावताना जबडा भरून येत असेल, सकाळी हात वर जात नसतील, तर डॉक्टरांना या सगळ्या तक्रारी एकत्र सांगा. एक इकडे आणि एक तिकडे असं नको. आणि डोळ्यासमोर क्षणभर जरी अंधारी आली किंवा एकाचे दोन दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सोमवारची वाट बघू नका. मनाने स्टिरॉइड मात्र घेऊ नका, ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

मावशीआजी त्यानंतर नऊ वर्षं जगली. एका डोळ्याने तांदूळ निवडायची. उजव्या बाजूने कोणी आलं की दचकायची, म्हणून आम्ही सगळे डावीकडून जायला शिकलो. मी काय शिकतेय असं तिने एकदा विचारलं होतं. मी सांगितलं, तुझ्यासारख्यांचं दुखणं लोकांना कधी कळलं, ते शोधतेय. ती म्हणाली, "मी तर रोज सांगत होते की."